आचारी मरतो की वाचतो?

माझा मामा फ्रिज दुरुस्त करतो. निदान दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलंय. आत नऊ बंद फ्रिज ओळीनं उभे आहेत आणि एकही चालू करायचा त्याचा विचार नाही, कारण त्यांत जुन्या युद्धपटांची रिळं ठेवली आहेत. भाजीच्या कप्प्यात रणगाडे, वर बर्फाच्या खणात पाणबुड्या. दार उघडलं की आंबूस वास येतो. मामा तो अत्तरासारखा हुंगतो आणि मामी कपाळाला हात लावते. गल्ली त्याला जनरल म्हणते.

या सगळ्यांत जनरलचा जीव अडकलाय तो एका जाडजूड आचाऱ्याच्या कृष्णधवल सिनेमात. पलटण माघार घेते, आचारी एकटाच पुलाशी मागे राहतो, सुरुंगाची वात पेटवतो, धावत सुटतो आणि तिसरं रीळ संपतं. चौथं मामाकडे नव्हतंच. पण रविवारी दुपारी शटर ओढून बसलेल्या अख्ख्या गल्लीला असं अधांतरी कसं सोडायचं? म्हणून अकरा वर्षं शेवट मामाच करून दाखवायचा. पडद्यापुढे यायचा, तोंडानं स्फोट करायचा, छाती धरून तीन गिरक्या घ्यायचा आणि असा कोसळायचा, की शेजारच्या चष्मेवाल्याच्या काचा हलायच्या. लोक दुकान डोक्यावर घ्यायचे. घरी आल्यावर मात्र तो मला हळूच विचारायचा, "खरंच मेला असेल का गं तो?"

गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या थिएटरच्या ऑपरेटरकडे चौथं रीळ सापडलं. त्याला बदल्यात फ्रिज हवा होता, तोही चालू. मामाच्या ताब्यात तसा एकच होता, मामीच्या स्वयंपाकघरात. मामी तेव्हा माहेरी गेली होती, हे त्या ऑपरेटरचं नशीब!

रविवारी दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मामी पहिल्या रांगेत, रागानं लालबुंद. मामा पडद्यासमोरून हलायलाच तयार नव्हता, म्हणून चौथं रीळ मीच लावलं. धूर, दगड, पूल खल्लास. मग पाण्यातून एक डोकं वर आलं. आचारी! ओलाचिंब, शिव्या घालत तो काठावर चढला आणि पलटणीमागे चालू लागला. संपला सिनेमा.

"हे काय!" चष्मेवाला ओरडला. "काही मजा नाही. जनरल, तुम्हीच मरा बघू!"

"मरा! मरा!" सगळी गल्ली ओरडायला लागली.

मामा हसत होता आणि डोळे घळाघळा वाहत होते.

"नाही हो," तो म्हणाला. "मी या डोळ्यांनी पाहिलंय, तो वाचलाय. आता मला नाही जमायचं त्याला मारायला."