साळूबाईच्या दारातलं पायताण

साळूबाईच्या दारात पुरुषाच्या पायताणाचा एक जोड असायचा आणि घरात पुरुष नव्हता. बाजाराच्या आदल्या दिवशी ती त्या जोडाला करडईचं तेल चोळायची, घटकाभर उन्हात धरायची आणि पुन्हा उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, टाचा भिंतीकडं करून ठेवून द्यायची. नवं माणूस विचारायचंच, हे कुणाचं म्हणून. "घरच्यांचं हाय, येतील आता," असं ती सांगायची. तिचं हे 'आता' बेचाळीसच्या पावसाळ्यात सुरू झालं ते सत्तेचाळीस उजाडलं तरी संपलं नव्हतं.

गाव इस्लामपूरच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. चहूबाजूंनी इंग्रजांचा खालसा मुलूख आणि मध्ये हे एवढंसं गाव संस्थानातलं. बांध ओलांडला की राज्य बदलायचं, ऊस मात्र दोन्हीकडं सारखाच गोड. तरी गावाला आपल्या वेगळेपणाचा ताठा फार. साळूबाई कोरेगावची, म्हणजे बैलगाडीनं दोन दिवसांच्या वाटेवरची; पण ती लग्न होऊन आली तशी गावानं तिला 'परमुलखातली' म्हणून जी बाजूला धरली ती धरलीच. बाहेरच्या माणसाला इथं रहिवासाचा हक्क सहजी मिळत नसे. वर्षानुवर्षं त्याची चूल गावात पेटलेली दिसली पाहिजे, मग कधीतरी जत्रेत पाटील देवापुढं त्याचं नाव घेऊन नारळ फोडायचे. नारळ फुटला की माणूस गावचं झालं, आणि मग दरसाल त्या घराच्या नावाचा नारळ फुटत राहायचा. साळूबाईच्या नावाचा नारळ फुटला तेव्हा तिच्या केसांत एकदोन पांढरे दिसायला लागले होते. त्या दिवशी तिनं नारळाची शेंडीसुद्धा फेकली नाही, फडताळात जपून ठेवली.

आणि पुढच्याच साली नवऱ्यानं, नाथाजीनं, तिला घेऊन रंगूनला जायचं काढलं. नाथाजी पलटणीतून पेन्शनीत आलेला, अंगानं दणकट, घरात बसून न राहवणारा माणूस. जुन्या साहेबाच्या ओळखीनं त्याला तिकडं भाताच्या गिरणीवर पहाऱ्याची नोकरी लागली होती. साळूबाईला समुद्राचं भय नव्हतं, घराचं होतं. चूल विझली की हक्कही विझला असं तिच्या मनानं घेतलं. ती तडक नानासो पाटलांच्या सोप्यावर गेली.

नानासो समजुतीचा माणूस. तो म्हणाला, "त्यो गावचा हाय. त्याच्यासंगं जिथं ऱ्हाशील तिथं तू गावातच ऱ्हातीस, असं आमी धरनार. त्याच्यासंगं हाईस तवर घोर करू नगंस."

साळूबाईनं एवढ्या बोलण्यातलं एकच टोक पदराला बांधलं: त्याच्यासंगं हाईस तवर. तिचा तरी काय दोष? ती लहान असताना कोरेगावात तिचा बाप गेला आणि तेरावा व्हायच्या आत चुलत्यांनी आईला बाहेर काढलं होतं. काखेत ही पोर आणि हातात माहेरची तांब्याची घागर. आई वाटेवरच्या लिंबाखाली घागर मांडीवर घेऊन बसली होती, आणि येणारी-जाणारी माणसं तिच्याकडं बघत होती. ती घागर साळूबाईच्या चुलीशेजारीच असायची. नवरा गेला की बाईचं घर जातं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

रंगूनची वर्षं बरी गेली. मग जपान्यांचे बाँब पडायला लागले आणि सगळा मुलूख पायी हिंदुस्थानाकडं निघाला. डोंगरातल्या घाटवाटेवर नाथाजीला पटकी झाली. सकाळी चालत होता, दुपारी गेला. पाऊस कोसळत होता, काडीपेटीचा लगदा झालेला, सरण कुठलं नि अग्नी कुठला. बरोबरची माणसं पुढून हाका मारत होती. साळूबाईनं गावाकडची घोंगडी त्याच्या अंगावर घातली, चार दगड कडेनं ठेवले. तिच्या वहाणा कधीच तुटल्या होत्या, म्हणून त्याची पायताणं काढून तिनं स्वतःच्या पायात घातली. आणि निघताना, जन्माची सवय, तोंडातून शब्द गेला, "येते."

तो शब्द तिच्या मानगुटीला बसला. पुढची सगळी वाट तिला वाटायचं, आपल्या पायात त्याचं पायताण करकरतंय म्हणजे चालतोय तोच, आणि आपण तिकडं घोंगडीखाली आहोत.

गावात पोचली तेव्हा आषाढ लागला होता. धाकटा दीर हंबीरराव उसातून चिखलाच्या पायांनी धावत आला. दादाशिवाय त्याला दुसरं दैवत नव्हतं. "दादा कुठं हाय वयनी?" त्यानं विचारलं. साळूबाईला दीर दिसला नाही, लिंबाचं झाड दिसलं. मांडीवरची घागर दिसली.

"मागनं येत्यात," ती म्हणाली.

झालं. तोंडातून गेलेला शब्द उद्या मागं घेऊ म्हणता म्हणता आठवडा गेला, आणि मग तो मागं घेण्यासारखा राहिलाच नाही. हंबीरराव दर बाजाराला मोटार थांबते तिथं जाऊन उभा राहायला लागला. उतरणारी सगळी माणसं संपेपर्यंत उभा राहायचा आणि परत यायचा. साळूबाई त्याची वाट बघायची, की हा रिकामा येतोय ना. आणि रिकामा आला की पदराआड तोंड करून रडायची. लोकांना वाटायचं, नवऱ्याच्या विरहानं रडते. ते तरी खोटं कुठं होतं?

ती रोज कुंकू लावायची आणि लावताना आरशात बघायची नाही. वटपौर्णिमेला मेलेल्या माणसाच्या आयुष्यासाठी वडाला दोरा गुंडाळायची आणि मनात म्हणायची, माफ करा. ताट दोन वाढायची. हंबीररावाच्या बायकोला, रंगूबाईला, तिचं कौतुक वाटायचं; दुसरं ताट कुत्र्याला घालताना साळूबाई तोंड फिरवून उभी राहते हे रंगूबाईनं कधी पाहिलं नाही. भर दुपारी, सगळा गाव रानात असताना, उंबऱ्याशी पायताण करकरायचं. साळूबाई बाहेर यायची नाही. चुलीपुढं बसल्या जागी म्हणायची, "थांबा वाईच. घराचं काय ते हुऊ द्या."

बाईनं माणसाला दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं, असंच म्हणायला पाहिजे.

आणि कावळे. हंबीरराव दरसाल आईबापाचा म्हाळ घालायचा. खीर, वडे, गवारीची भाजी, आमटी, सगळं पानावर मांडून घराच्या पाख्यावर, उतरत्या छपरावर, ठेवायचा. बेचाळीसपासून त्या पानाला कावळा शिवेना. शेजारच्या पाख्यांवर झुंबड, आणि हंबीररावाच्या भिंतीवर एखादाच बसून मान वाकडी करून बघायचा. तो बिचारा हात जोडून बापाची एकेक इच्छा उकरून काढायचा. विहिरीचा गाळ काढतो, आत्तीच्या पोरीचं लगीन लावतो, देवळाला पायरी घालतो. त्यानं कावळ्याला दिलेले सगळे शब्द पाळायचे म्हटले असते तर संस्थान विकायला लागलं असतं. गाव हसायचा. साळूबाई रंगूबाईच्या मागं उभी असायची. जेवायचं कोण थांबलंय, हे त्या सगळ्यांत एकटीला माहीत होतं.

सत्तेचाळीस साली स्वराज्य आलं. संस्थानं आज मोडणार, उद्या मोडणार अशी बोलणी सुरू झाली. नानासो आता थकला होता, पण मोडायच्या आधी गावची घडी नीट लावून ठेवावी असं त्याच्या मनात आलं. गणपती झाल्यावर तो काठी टेकत साळूबाईच्या दारात आला, पायताणाकडं बघितलं आणि जड तोंडानं सांगितलं, की जे धनी परमुलखात जाऊन परतले नाहीत त्यांचे नारळ दसऱ्यापासून बंद होणार, म्हणजे हक्क संपून घर गावाकडं जाणार. नाथाजी तोवर आला नाही तर या घराचाही. साळूबाई म्हणाली, येतील. आणि तो गेल्यावर तिनं चुलीशेजारची घागर आतल्या खोलीत नेऊन ठेवली, डोळ्यांसमोर नको म्हणून.

सर्वपित्रीचा दिवस उजाडला. हंबीररावानं नानासोलाही जेवायला सांगितलं होतं. पान पाख्यावर ठेवलं. ऊन डोक्यावर आलं, वडे वाळले, खिरीवर साय धरली, कावळा भिंतीवर बसून राहिला. हंबीररावाचे सगळे शब्द संपले. शेवटी हा एवढा मोठा बाप्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दादा असता तर त्यालाच कळलं असतं, आबास्नी काय पायजे."

कावळा उडाला. पाख्यावर गेला नाही. शेजारी साळूबाईच्या दारात उतरला आणि पायताणाजवळ बसला.

कावळा आहे, कुठंही बसतो. पण साळूबाईला तो कुणासाठी आलाय ते कळलं. ती रंगूबाईच्या मागून पुढं आली, परातीतलं एक पान उचललं, त्यावर भात घातला, खीर घातली, आणि सगळ्यांच्या देखत आपल्या उंबऱ्याशी जाऊन पायताणापुढं मांडलं. गेलेल्या माणसाला नाव घेऊन बोलवावं लागतं, आणि तिनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं.

"नाथाजीराव," ती म्हणाली, "घर गेलं तर जाऊ द्या. जेवा आता."

कावळ्यानं चोच घातली.

हंबीरराव होता तिथंच खाली बसला. तो रडलासुद्धा नाही, नुसता मोटार थांबते त्या वाटेकडं बघत राहिला. मग रंगूबाईचा हंबरडा फुटला आणि आळीतल्या बाया धावत आल्या. साळूबाईनं त्यांची वाट पाहिली नाही. तिनं स्वतःच हात उंबऱ्यावर आपटून बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं, आणि आत जाऊन आईची घागर घेऊन बाहेर आली.

"जाते," ती म्हणाली.

नानासोला कळेना. कुठं जातेस म्हणून त्यानं विचारलं. ती म्हणाली, ज्यांच्यासंगं होते तवर हक्क होता ते बेचाळीस सालीच गेले, आता कशावर राहू?

म्हातारा काठी टेकत तिच्या उंबऱ्याशी आला.

"आगं, गावच्या विधवेचं घर कुनी काढून घेतं व्हय?" तो म्हणाला. "जित्या मानसानं पाठ फिरवली तर नारळ बंद हुतो. मेल्याचा न्हाई. त्याच्या मागं मरस्तवर हे घर तुझंच. तू आलीस त्याच दिशी सांगितलं असतंस तर..."



साळूबाई उंबऱ्यावर बसली, घागर मांडीवर घेऊन. पान रिकामं झालं होतं. ज्या घरासाठी तिनं नवऱ्याला सहा पावसाळे दाराबाहेर उपाशी उभं केलं, ते घर तो गेला त्या दिवसापासून तिचंच होतं. तिनं हात लांब करून पायताण उचललं, पदरानं पुसलं, आणि उंबऱ्याच्या आत ठेवलं.