खुंटीवरची टोपी

सामान लावताना सासूबाईंच्या जांभळ्या स्वेटरला वेखंडाचा वास आला आणि फिनलंडचा तो जुना विनोदी सिनेमा आठवला. तेव्हा आम्ही सिंगापुरात यिशुनला राहायचो. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि एसी सोसत नाही म्हणून हाच स्वेटर घालून आमच्याबरोबर सिनेमा बघत होत्या. सिनेमाभर बायकोशी भांडणारा म्हातारा शेवटी तणतणत भर बर्फात निघून जातो, बायको दाराकडे बघून गालात हसते आणि सिनेमा संपतो. ती का हसली, यावर माझी आणि नवऱ्याची जुंपली. "सुटली बिचारी!" मी म्हटलं. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ही इज गॉन, लाह!" खालच्या इंग्रजी सबटायटल्सचं अक्षरही न वाचणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, टोपी खुंटीवरच आहे की त्याची! येतोय बघ परत." पुढे त्या पुण्याला गेल्या, तर स्वेटर आमच्याच दाराआड लटकलेला. "पाठवून देऊ का?" मी फोनवर विचारलं. "नको गं, टोपी राहू दे खुंटीवर," म्हणून त्या खळखळून हसल्या, आणि खरंच दर वर्षी येत राहिल्या. आता त्या यायच्या नाहीत. तरी हौगांगच्या या नव्या फ्लॅटमध्ये देव मांडायच्याही आधी मी दाराआड खुंटी लावून घेतली.