भागूबाईंचं निरांजन

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी भागूबाई दचकत. वीज, पाल, तिन्हीसांजेनंतर वाजणारा फोन, अनोळखी माणसाने दाबलेली बेल, सगळ्याचीच त्यांना धास्ती. लिफ्टमध्ये त्या एकट्या कधी शिरल्या नाहीत. तीन मजले जिना चढून येत आणि वर पोचल्यावर, आपल्या मागून कोणी आलं नाही ना, हे कठड्यावरून वाकून बघत. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली पोरं त्यांना भित्री भागूबाई म्हणायला लागली आणि त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरोबर ओळखलंय पोरांनी."

आणि ही बाई लिहायची काय, तर ऐतिहासिक कादंबऱ्या. वेढे, तोफा, कापाकापी. मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसूच आलं होतं. पुढे दुपारचा चहा त्यांच्याकडे ठरून गेला, आणि हसू मावळलं.

दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचताना त्या एका ठिकाणी हटकून थांबत. सरदार मोहिमेवर निघाला, की "आता ही ओवाळणार," म्हणत पान उलटत. ती ओवाळायचीच. मग त्या पुढची पानं अंगठ्याने भराभर सोडत जात. "बघ, झाली गायब. आता येईल ती एकदम सती जायला, नाहीतर तलवार उपसायला. मधले दिवस काय करत होती गं ही? घास उतरत होता का तिच्या घशाखाली?" मी म्हणायचे, वाचणाऱ्याला लढाई हवी असते. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "घाबरलेली बाई कोणालाच नको असते."

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात हे मला कळलं. आमचे हे तोफखान्यात, देवळालीला. तुकडी सरहद्दीवर निघाली. दिंडोरीहून सासूबाई आल्या होत्या. तबक माझ्या हातात देताना कानाशी म्हणाल्या, "हात हालू द्यायचा नाय हां. लय वाईट असतं ते." मी हलू दिला नाही. जीप गेली, मी समोरच्या दारात शिरले आणि दोन्ही हात कोपरापासून जे थरथरायला लागले ते थांबेनात. भागूबाईंनी समजूत वगैरे काढली नाही. स्वतःचे हात माझ्या हातांशेजारी धरले. तेही थरथरत होते. "मघाशी दारातून बघत होते मी," म्हणाल्या. "तेव्हापासून असंच चाललंय."

हे पावसाळ्यानंतर सुखरूप परत आले. तोवर भागूबाईंची नवी कादंबरी सुरू झाली होती. आमच्याच भागातल्या एका किल्ल्याचा किल्लेदार आणि त्याची बायको. जुन्या कागदांत तिचा उल्लेख 'किल्लेदाराचे कुटुंब' एवढाच. "नाव मीच ठेवलं तिला. मग भीतीही मीच द्यायला हवी," असं म्हणून त्यांनी मला तो प्रसंग वाचून दाखवला. गडाखाली शत्रूची फौज, किल्लेदार दरवाजाकडे निघालेला, आणि त्याला ओवाळताना तिचा हात थरथरतो. निरांजनातलं तूप त्याच्या अंगरख्यावर सांडतं. ऐकताना मला माझ्या हातांकडे बघवेना.

हे प्रकरण एका दिवाळी अंकात आलं आणि फोन सुरू झाले. कधी कोणी बोलायचं नाही, नुसता श्वास. कधी म्हणायचं, "बाई, ते हात थरथरल्याचं काढून टाका." भागूबाईंनी फोनवर उशी ठेवली, भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या. प्रकाशक म्हणाला, एका ओळीचा तर प्रश्न आहे, 'हात स्थिर होता' करू. मीसुद्धा तेच म्हणाले. खरं सांगते, मला स्वतःच्या दाराचीही भीती वाटायला लागली होती. त्या म्हणाल्या, "ती एक ओळ काढली तर ती बाईच जाते गं."

मग एका दुपारी चौघं जण आले. किल्लेदाराच्या घराण्यातले म्हणून सांगत होते. आवाज चढवला नाही कोणी, त्यामुळे जास्तच धडकी भरली. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "ताई, आमच्या घराण्यातली बाई अशी थरथरली नाय कधी. लोकांनी काय समजायचं?" भागूबाई आत गेल्या. चहाचा ट्रे मी घ्यायला गेले तर मला हाताने मागे सारलं. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत कपबश्या खडखडत आल्या. निम्मा चहा ट्रेमध्ये.

"बघताय ना?" त्या म्हणाल्या. "तुम्ही चौघं आलात, तर माझं हे झालंय. तिच्या गडाखाली फौज होती. आणि तरी तिनं ओवाळलं."

वयस्कर गृहस्थांनी ट्रे त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला. जाताना म्हणाले, "आम्ही सांगायचं ते सांगितलं." याचा अर्थ काय लावायचा ते आम्हा दोघींना कळलं नाही. कड्या लावून आम्ही अंधार पडेपर्यंत तशाच बसून राहिलो. फोन पुढेही येत राहिले.

प्रकाशकाने मुद्रितं पाठवली ती ओळ बदलूनच. भागूबाईंनी 'स्थिर होता' खोडलं आणि वर पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात. पुस्तक तसंच छापलं गेलं, पण त्यांनी ते पाहिलं नाही. आमच्या इथला दुकानदार ते बाहेर मांडत नसे. मागितलं तर काउंटरखालून काढून द्यायचा.

पुस्तक यायच्या आधीच त्यांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्यात न्यायला घोटीहून भाची आली, रिक्षा खाली उभी राहिली, आणि भागूबाई दारातच थबकल्या. चेहरा पांढराफटक. "मला ओवाळतेस का गं?" म्हणाल्या. मी घरातून तबक आणलं. ज्योत लागली आणि माझा हात हलायला लागला. मी दुसऱ्या हाताने मनगट धरायला गेले.

"हलू दे," त्या म्हणाल्या.

तुपाचा थेंब त्यांच्या पदरावर पडला, तो त्यांनी पुसला नाही. भाचीचा दंड धरून त्या जिना उतरल्या. पावलं ऐकू येईनाशी झाली तरी मी कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले होते, पेटतं निरांजन हातात घेऊन.