बोट ऐकेनासं झालं तेव्हा

शेषगिरींच्या डाव्या हाताची अनामिका पहिल्यांदा वळली ती व्हाइटफील्डमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात. कुणाच्या तरी साखरपुड्याचं जेवण चाललं होतं. ऐकणारं असं कुणी नव्हतंच. शेषगिरी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून, हजारदा वाजवलेली एक जलद तान वाजवत होते. मध्येच ते बोट तारेवर पडायच्या ऐवजी तळहातात मुडपून गेलं. गोगलगाय शिंगं आत घेते तसं.

पेटका आला असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी बोट सरळ केलं आणि पुन्हा तान घेतली. बोट पुन्हा आत. उरलेला कार्यक्रम त्यांनी तर्जनी आणि मधल्या बोटावर कसाबसा ओढून नेला. परतताना मारतहळ्ळीच्या गर्दीत टॅक्सी अडकली, तेव्हा ते मांडीवर बोटं आपटून बघत राहिले. चारी बोटं शहाण्यासारखी हलत होती.

भीती वाटावी अशी गोष्ट हीच होती. ते बोट कॉफीचा लोटा धरताना नीट वागे, शर्टाची बटणं लावताना नीट वागे. दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं. फक्त व्हायोलिनच्या तारेजवळ गेलं की आत वळे. जणू दुसऱ्याच कुणीतरी ते आतून ओढून घ्यावं. आपलं डोकं तर फिरत नाही ना, ही शंका शेषगिरींच्या मनात पहिल्या आठवड्यातच शिरली आणि मग निघेना.

शेषगिरींचं घराणं बंगळूरमध्ये तीनशे वर्षांपासूनचं. कुठल्याशा मराठी फौजेबरोबर दफ्तर सांभाळायला आलेले पूर्वज इथेच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. हनुमंतनगरच्या त्या छोट्या घरात व्हायोलिन आणलं ते शेषगिरींच्या वडलांनी, भगवंतरावांनी. ते देवळांतून हरिकथेला साथ करत. कुणी त्यांना ‘मोठे कलाकार’ म्हटलं की ते हात झटकून टाकत.

“कलाकार-बिलाकार काही नव्हे. गवंडी जसा, तसे आपण,” ते मुलाला सांगत. “ओळंबा लावायचा, भिंत सरळ उभी करायची. घरात राहणारा कुणी का असेना.”

शेषगिरींनी हे बोलणं गाठीला बांधून ठेवलं. स्टुडिओत बोलावलं की जायचं, समोर ठेवलेलं वाजवायचं, घरी यायचं. गाण्याच्या मैफलीत गवय्याच्या मागोमाग जायचं, त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. स्वर खोटा लागता कामा नये, एवढा एकच धर्म. अलीकडे ते बहुतेक वेळा श्रीवत्स नावाच्या गवय्याला साथ करत. श्रीवत्स तिशीतला, नावारूपाला येत असलेला. त्यांना तो ‘शेषण्णा’ म्हणे, आणि गाडीत बसला की वाद उकरून काढी.

“शेषण्णा, तुम्ही स्वतःला आर्टिस्ट का म्हणवून घेत नाही?” तो कन्नडमध्ये विचारी.

“भिंत पडली तर गवंड्याला लाज वाटते,” शेषगिरी म्हणत. “आर्टिस्ट म्हणतो, आज मूड नव्हता.”

श्रीवत्स खळखळून हसे. एरवी शेषगिरीही हसत. पण बोट वळायला लागल्यापासून हे वाक्य त्यांना म्हणवेनासं झालं. कलाकाराचा हात गेला तर त्याच्यापाशी निदान कलाकार हे नाव तरी उरतं. गवंड्याचा हात गेला तर काय उरतं?

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सकाळी सरावाला बसले की दार लोटून घ्यायचे. पूर्वी दार सताड उघडं असे, त्यांची बायको कमलाबाई स्वयंपाकघरातून ऐकत ऐकत भाजी चिरत. आता त्या दाराशी यायच्या आणि थबकायच्या. आतून एकच तान येई, तुटे, पुन्हा येई, पुन्हा तिथेच तुटे.

“अहो, काय झालं? दार का लावता?” त्यांनी एकदा विचारलं.

“रस्त्याचा आवाज येतो.”

“हा रस्ता काय आज झाला?”

शेषगिरींनी दार ओढून घेतलं. स्टुडिओतून फोन आला की ते ताप आहे म्हणू लागले, गावाला आहे म्हणू लागले. त्यांना एक मृदंगवाला आठवत राही. हात थरथरायला लागला म्हणून तो दोन-चार मैफलींना आला नाही. मग त्याच्याबद्दल कुणी विचारलंही नाही. तो कुठे आहे, आहे की नाही, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आपणही कधी त्याची चौकशी केली नव्हती.

रामनवमीच्या दिवसांत बंगळूरमध्ये जागोजागी मांडव पडतात आणि रोज संध्याकाळी गाणं असतं. श्रीवत्सचं गाणं एका मोठ्या मांडवात ठरलं होतं. नाही म्हणायला शेषगिरींना सबब सापडेना. अनामिका लागणार नाही अशा रीतीने त्यांनी बोटांच्या सगळ्या वाटा बदलून घेतल्या. तरी रिक्षातून जाताना व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या हातांना घाम सुटला होता.

मांडव गच्च भरला होता. श्रीवत्सने तोडी राग काढला. सुरुवात संथ होती, शेषगिरी मागोमाग गेले आणि निभावलं. मग श्रीवत्सला रंग चढला. त्याने एक लांब, वेगवान फिरत घेतली, वरच्या षड्जाला जाऊन थांबला आणि हसऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे वळला. आता तुमची पाळी.

शेषगिरींनी तीच फिरत धरली. चाळीस वर्षांच्या सवयीने अनामिका आपणहून पुढे झाली, आणि आत वळली. या वेळी तिने करंगळीलाही आत ओढलं. तारेतून एक चिरका आवाज निघाला आणि तान मध्येच तुटली.

शेषगिरींना समोरची माणसं दिसेनाशी झाली. कानांत फक्त तंबोरा घुमत होता. उठून पळावं असं वाटलं. गज मात्र तारेवरच होता. तो उचलायचं भान राहिलं नाही, म्हणून तो चालत राहिला. एक स्वर, नुसता लांब एक स्वर. मग भीत भीत त्यांनी एकट्या तर्जनीने तो स्वर खाली सरकवला. अंधारात भिंत चाचपत जावं तसे ते एकेका स्वरावरून उतरत गेले. इतकं हळू त्यांनी आयुष्यात वाजवलं नव्हतं. कुठे जातोय हे त्यांना कळत नव्हतं, फक्त थांबलो तर संपलो एवढंच कळत होतं.

मांडवात कुणी हलेना. ते खालच्या षड्जावर पोचले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

गाणं संपल्यावर गुळाचं पानक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी वाटत होते. एक वृद्ध गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी शेषगिरींचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, “इतकी वर्षं तुम्हाला ऐकतोय. आज तुम्ही कलाकार झालात.”

शेषगिरींनी हात सोडवून घेतला. मांडवाच्या मागे जाऊन ते ओकले.

त्या तोडीचा तुकडा कुणीतरी मोबाइलवर टिपला होता. तो घरोघरी फिरला. श्रीवत्सचा फोन आला. त्याला मल्लेश्वरममध्ये मोठी मैफल मिळाली होती आणि आवाजात उत्साह मावत नव्हता. “शेषण्णा, तोडीच घेऊ. त्या दिवशी वाजवलंत तसंच वाजवा. मी जागा सोडतो तुम्हाला.”

“सरी,” शेषगिरींनी कन्नडमध्ये हो म्हटलं आणि ते फोन ठेवून बसून राहिले. आतापर्यंत भीती होती ती कुणाला कळेल याची. आता तिच्यावर दुसरी येऊन बसली. जे आपण केलंच नाही, ते पुन्हा कसं करायचं? लोक ज्याला कला म्हणून डोक्यावर घेत होते, ती पडणाऱ्या माणसाची धडपड होती. हे लबाडीने मिळालेलं नाव जन्मभर सांभाळायचं की काय?

त्यांची मुलगी सुप्रीता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करी आणि तिकडेच भाड्याने राही. रविवारी ती घरी आली ती फोन नाचवतच. “अण्णा, आमच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितलं!” घरात वडलांना अण्णा म्हणायची पद्धत होती. तिने आईला जवळ बसवून तो तुकडा लावला. शेषगिरी खिडकीबाहेर बघत राहिले.

तुकडा संपला. सुप्रीताने तो मागे नेला आणि पुन्हा लावला. मग चित्र मोठं करून पुन्हा लावला. तिचं हसू मावळलं.

“अण्णा, हे बोट असं आत का गेलंय?”

शेषगिरींनी डावा हात मांडीखाली सरकवला.

“तान तुटायच्या आधी जातंय. तुम्ही थांबवली नाहीत, ती तुटली. हो ना?”

कमलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बंद दाराचा अर्थ त्यांना कळला. “किती दिवस झाले?” त्यांनी हळूच विचारलं.

“मला वेड लागतंय, कमला,” शेषगिरी म्हणाले. इतके दिवस दाबून ठेवलेलं हे एवढंच बाहेर पडलं, आणि ते ओक्साबोक्शी रडू लागले.

सुप्रीताने दुसऱ्याच दिवशी एका मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर मुग्धा पुण्याहून येऊन इथे स्थायिक झालेल्या. दवाखान्यात अचानक पुणेरी मराठी कानावर पडली तेव्हा शेषगिरी थोडे सैलावले. डॉक्टरांनी त्यांना तिथेच वाजवायला लावलं. बोट वळलं. त्यांनी थांबवलं, टेबलावर टकटक करायला सांगितलं. बोट सरळ.

“याला डिस्टोनिया म्हणतात, काका,” त्या म्हणाल्या. “एकच हालचाल वर्षानुवर्षं केली की मेंदूतला तिचा नकाशा कधीकधी पुसट होतो. शेजारशेजारची बोटं एकमेकांत मिसळतात.”

“म्हणजे वेड नाही?”

“अजिबात नाही.”

शेषगिरींनी डोळे मिटले. मग विचारलं, “बरं होईल?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “खोटं नाही सांगत. काहींचं थोडं सुधारतं. अगदी पहिल्यापासून, लहान मुलासारखं शिकावं लागतं. सध्या मैफली बंद.”

श्रीवत्सला सांगायला शेषगिरी त्याच्या घरी गेले. बेल दाबायच्या आधी ते जिन्यात बराच वेळ उभे राहिले. श्रीवत्सने सगळं ऐकून घेतलं. मग जे बोलला ते त्यांनी अपेक्षिलं नव्हतं.

“मग कुणाला सांगूच नका ना, शेषण्णा. बोटामुळे झालं की मनामुळे, लोकांना काय त्याचं? निघालं ते संगीतच होतं.”

“भिंत वाकडी झाली, लोकांना वाकडीच आवडली. म्हणून मी आता वाकड्या भिंतींचा गवंडी होऊ?”

“ती वाकडी नव्हती.” श्रीवत्स हसत नव्हता. “मी शेजारी होतो. चिरकल्यावर गज उचलला असतात तर भिंत पडली म्हटलं असतं. तुम्ही पुढे गेलात. ते तुम्हाला कुणी शिकवलं होतं?”

“मला नाही माहीत,” शेषगिरी म्हणाले. “मी फार घाबरलो होतो, एवढं माहीत आहे. आणि मल्लेश्वरमला घाबरल्याचं नाटक माझ्याच्याने होणार नाही.”

मल्लेश्वरमला श्रीवत्सने दुसरा व्हायोलिनवाला घेतला. शेषगिरी गेले नाहीत. मग फोन विरळ होत गेले आणि एक दिवस थांबले. ते रोज सकाळी, आता दार उघडं ठेवून, मोकळ्या तारेवर गज ओढत बसत. एक बोट ठेवायचं, उचलायचं. कमलाबाई समोर बसून त्याच बोटाकडे बघत. एखादे दिवशी अनामिका क्षणभर तारेवर टेके, आणि शेषगिरी आनंदण्याऐवजी दचकून हात काढून घेत.

“पुन्हा करून बघा,” कमलाबाई म्हणत.

“उद्या,” ते म्हणत. मिळालेलं तेवढंच हातून निसटेल, याची त्यांना धास्ती वाटे.

पावसाळा गेला, थंडी आली. देवनहळ्ळीजवळ शेतं मोडून झालेल्या घरांच्या एका लेआउटमध्ये गणपतीचं नवीन देऊळ बांधलं होतं. तिथे गायला श्रीवत्सला बोलावलं होतं आणि तो स्वतः शेषगिरींच्या दारात येऊन उभा राहिला.

“तीनच बोटं आहेत,” शेषगिरी म्हणाले. “घाई केलीस तर मी मागे राहीन.”

“राहा. मी थांबेन.”

देवळात पन्नासेक माणसं होती. निम्मी आपसात बोलत होती, एक बाळ रडत होतं. श्रीवत्सने मोहन रागातली साधी चीज घेतली. मध्ये एकदा एक स्वर खोटा लागला, स्पष्टपणे, आणि शेषगिरींच्या अंगावर सर्रकन काटा आला. श्रीवत्सने वळून पाहिलं नाही. तो फक्त पुढची ओळ न गाता थांबला. शेषगिरींनी तो स्वर शोधला, मिळवला, त्याच्यावर जरा टेकले आणि मग मान हलवली.

गाणं पुढे सुरू झालं. पुढच्या ओळीला काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं. छाती धडधडत होती, आणि गज चालू होता.