माझी टकली सवत

माझा नवरा वेहबी गाद्या आणि रजया शिवतो. त्याचं दुकान खाली, आमचं घर वर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुकानासमोरची दोन स्टुलं दिसतात. एकावर वेहबी बसतो आणि दुसऱ्यावर नेवझात गुरुजी. इतकी वर्षं मी त्या दुसऱ्या स्टुलाकडे बघून जळत आलेय.

सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. ह्या गुरुजींच्या डोक्यावर उपटायला केसही नाहीत.

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, विधुर, समोरच्याच घरात राहणारे. वेहबी साहेबांचा माणूस. साहेब म्हणजे देश चालवणारे, वेगळं नाव सांगायला नको. गुरुजी त्यांच्या विरुद्ध पक्षाचे. सकाळी दुकान उघडलं की दोघांची जुंपते. वेहबी म्हणतो, साहेब आपल्यासारखं बोलतात, त्यांच्या आधी कुठल्या नेत्याने गादीवाल्याला माणूस मानलं? गुरुजी म्हणतात, साहेब ज्याला जनता म्हणतात, त्या जनतेत मी कधी येतच नाही, मी काय चंद्रावरून पडलो? मग वेहबी चहाचा पेला बशीत आपटतो आणि म्हणतो, "जरा अल्लाला भिऊन बोला, गुरुजी."

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या वाक्यात जीव असतो. माझ्या वाट्याला काय येतं? "मीठ कमी आहे" आणि "वीजवाला येऊन गेला का?" आमच्या लग्नाची तारीख वेहबीला आठवत नाही, पण कुठल्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी गुरुजी काय म्हणाले होते ते शब्दन् शब्द पाठ. सकाळी दाढी करतो ती त्यांच्यासाठी. गुरुजींना ताप आला, तेव्हा मसूरचं सूप मी केलं, ते घेऊन हा गेला आणि उशाशी बसून पेन्शनवर भांडून आला. येताना काय खुलला होता!

यंदा मतमोजणी झाली आणि साहेब पुन्हा निवडून आले. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले ते फुरंगटूनच. वेहबीने मिठाई पुढे केली. गुरुजी म्हणाले, "तुमच्या लोकांनी मॅकरोनीच्या पाकिटावर आणि कोळशाच्या पोत्यावर देश विकला."

असं सगळेच हरलेले म्हणतात, त्यात नवीन काही नाही. पण एका हिवाळ्यात वेहबीचा हात मोडला होता, दुकान बंद होतं, आणि सरकारी मदतीची मॅकरोनी अन् कोळसा आमच्या दारात उतरला होता. गुरुजींनी तो उतरताना पाहिला होता. वेहबीने या वेळी पेला न आपटता खाली ठेवला आणि वर निघून आला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, आता हा माझा. पण घरात आला तो रिकामा माणूस. कोचावर बसून टीव्हीकडे बघायचा, दाढी वाढलेली. मीच मग कंबर कसली. गुरुजींचं वर्तमानपत्र आणून वाचलं आणि जेवताना म्हटलं, "तुझे साहेब गरिबांचे म्हणवतात, मग एवढा मोठा महाल कशाला बांधला?"

"बरोबर आहे, पेरिहान," तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी आणखी खोचून बोलले, महागाई काढली, साहेबांच्या जावयाला काढलं. प्रत्येक वेळी तेच. बरोबर आहे, पेरिहान. मी खोलीत जाऊन रडले. माझ्याशी भांडण्याइतकी माझी किंमतसुद्धा ह्या माणसाला वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

सगळा राग गुरुजींवर निघाला. अक्रोड आणि चीज घालून ताटभर मॅकरोनी केली, गुरुजींचं दार वाजवलं आणि ताट हातात दिलं. "सरकारी नाही, माझ्या घरची आहे," एवढंच म्हणाले. गुरुजींचं टक्कल कानापर्यंत लाल झालं.

आमच्या गल्लीत शेजाऱ्याचं ताट रिकामं परत जात नाही. फळ ठेवा, मूठभर ऑलिव्ह ठेवा, पण काहीतरी ठेवावंच लागतं. गुरुजींनी दोन दिवस ताट दाबून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वतः घेऊन आले. ताटात कागदी रुमाल आणि त्यावर धुऊन पुसलेला कोळशाचा एक खडा.

वेहबी उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हाणतो.

"मॅकरोनी खाल्ली, कोळसा राहिला होता," गुरुजी म्हणाले. "त्या हिवाळ्यात माझी शेगडी बंद असायची, वेहबी. मी रोज इथे तुमच्या शेगडीपाशी येऊन बसायचो. ती ऊब मीही घेतलीय. देश विकला असेल तर दोघांनी मिळून विकला."

वेहबीने खडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. "हे भुसकट आहे. आमच्या साहेबांचा कोळसा असा नव्हता, दोन तास जळायचा."

"दोन तास? अर्धा तास धूरच यायचा."

"जरा अल्लाला भिऊन बोला, गुरुजी." आणि दोघं जिना उतरून गेलेसुद्धा. माझ्याच ताटाने मी माझी सवत घरात आणली होती.

खिडकीतून बघत राहिले. दोन स्टुलं, दोन पेले. मग माझं मलाच असह्य झालं. स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, खाली गेले आणि दोघांच्या मधोमध मांडून बसले.

"मी मत कुणाला दिलं, ते आजवर मला कुणी विचारलं नाही," मी म्हणाले.

वेहबी हसला. म्हणाला, तू आपलीच की. गुरुजीही हसले. पेरिहानबाई शहाण्या, मनातून आमच्याच, असं त्यांचं म्हणणं.

"दोघांच्याही नाही. ती तिसऱ्याच पक्षाची बारीक आवाजाची वकीलबाई उभी होती ना, तिला दिलं. प्रचाराला आली तेव्हा महागाई कधी जाईल विचारलं, तर म्हणाली एका वर्षात जाणार नाही. तुमच्या दोघांच्या पुढाऱ्यांनी सहा महिन्यांत घालवतो म्हणून सांगितलं होतं."

गुरुजी म्हणाले, म्हणजे मत वायाच घालवलंत. वेहबीचा चेहरा तांबडा होत गेला, मानेची शीर फुगली. मग त्याने पेला असा आपटला की चहा बशीत सांडला.

"जरा अल्लाला भिऊन बोल, पेरिहान!"

मी बशी पुसली, त्याचा पेला पुन्हा भरला आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.