पोहणाऱ्या बाईनं लोखंड कशाला उचलावं?

मलकापूरच्या फलाटावरून माझी पुण्याची गाडी सुटली तेव्हा बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांना कापसाचा एक ओळखीचा व्यापारी भेटला होता आणि दोघांचं भावावरून बोलणं रंगलं होतं. मी खिडकीच्या गजांतून "बाबा, बाबा" करत राहिले. गाडीनं वेग घेतल्यावर ते एकदम वळले, हात वर केला आणि काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. पुढं कधी विचारलं की म्हणायचे, "काई नाई वं, पोचली का फोन कर, असंच." आता बाबा नाहीत, त्यामुळे तेच बोलले होते असं मी धरून चालते.

माय स्टेशनवर आली नव्हती. अमडापूरच्या घराच्या दारातच तिनं माझी ओढणी दोन्ही खांद्यांवर पसरून दिली. "तुहे खांदे लय रुंद हायेत. अशीच घेत जाय. उद्या पाह्यणारे येतीन, अन् पोरगी पहिलवान दिसते म्हन्तीन."

ते खांदे विहिरीनं दिलेले होते. शेतातल्या विहिरीत बाबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला पोहायला शिकवलं. माझा धाकटा भाऊ गजू पाण्याला भ्यायचा, काठावरच रडायचा, आणि तो कधी शिकलाच नाही. मी मात्र उन्हाळाभर विहिरीत असायचे. मोठी व्हायला लागले तशी मायनं एक दिवस "आता पुरे" म्हटलं आणि ते सगळं थांबलं.

पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी म्हणाले, "मी जेवून येतो." सोबतच्या सगळ्या मुली हसल्या. आमच्याकडे बायकाही "येतो, जातो, करतो" असंच बोलतात, हे त्यांना कोण सांगणार! मग मीच "येते, जाते" शिकले. "मले"चं "मला" झालं. लग्न झालं, नवरा साताऱ्याचा. मुलगी झाली. गाव सोडून इकडे आलेल्या सगळ्यांचं होतं तसंच माझंही झालं. गावी गेलं की लोक म्हणायचे "पुण्यावानी बोलून राह्यली", आणि पुण्यात कुणी ना कुणी विचारायचंच, "तुम्ही विदर्भातल्या का?"

चाळिशी ओलांडली, मुलगी कॉलेजला गेली, तेव्हा घराजवळच्या जलतरण तलावावर सकाळी पोहायला जायला लागले. पाण्यात पडताक्षणी अंगाला सगळं आठवलं. इतक्या वर्षांत मी ज्याचं नावही काढलं नव्हतं, ते माझ्या हातापायांनी जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. मी तलावाची कड धरून बराच वेळ नुसती धापा टाकत हसत होते.

तिथली मार्गदर्शक मीनल माझ्यापेक्षा बरीच लहान. तिनं मला मोठ्यांच्या स्पर्धांबद्दल सांगितलं. मास्टर्स म्हणतात त्यांना, वयाच्या गटाप्रमाणे होतात. मी पन्नास मीटरला नाव द्यायला लागले. निम्म्याच्या पुढपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीनं असायचे आणि मग हातातला जीव जायचा. प्रत्येक वेळी तेच.

"ताई, तुमचा हात सुंदर पडतो," मीनल म्हणाली, "पण त्याच्यामागे जोर नाही. नुसतं पोहून तो येणार नाही. आठवड्यातून दोनदा जिममध्ये या, लोखंड उचलायचं."

"पोहणाऱ्या बाईनं लोखंड कशाला उचलायचं?"

"या वयात ताकद आपोआप कमी होत जाते. पाण्यात आपण तरंगतो, तिथं ती परत मिळवणं अवघड. जमिनीवर मिळवायची आणि पाण्यात वापरायची."

मला खरी भीती खांद्यांची वाटत होती. आणखी रुंद झाले तर? या वयात मला कोण पाहायला येणार होतं, पण मायचा हात अजून ओढणीवर होता.

सुरुवात नुसत्या दांड्यानं झाली, वजनाच्या चकत्या न लावता. जमिनीवरचा दांडा मांड्यांपर्यंत उचलून सरळ उभं राहायचं, त्याला डेडलिफ्ट म्हणतात. मला वाटायचं, यात शिकायचं काय? पण मीनल पुन्हा पुन्हा थांबवायची. "पाठीनं ओढू नका. पोटात श्वास भरा, घट्ट धरा, आणि पायांनी जमीन खाली दाबा. दांडा आपोआप वर येईल." मग रबरी पट्ट्याच्या आधारानं लोंबकळून स्वतःला वर ओढणं, बैठका, खांद्याच्या पात्यांचे व्यायाम. वजन जड, पण उचलायचं थोड्याच वेळा. "इथं थकायला येऊ नका," ती म्हणायची, "जोर लावायला या."

पहिले काही आठवडे माझं पोहणं उलट बिघडलं. हात ओल्या पोत्यासारखे जड पडायचे. सोडून द्यावं असं मनात येत होतं, आणि तेवढ्यात एका सकाळी मी नेहमीप्रमाणे वळले, भिंतीला पाय लावून स्वतःला ढकललं, आणि पाण्याखालून जात राहिले. जातच राहिले. तळाच्या फरशा माझ्याखालून सरकत होत्या आणि मी काहीच करत नव्हते. डोकं वर काढलं तर रोजच्या जागेच्या कितीतरी पुढे आले होते. मी मागे वळून त्या भिंतीकडे पाहत राहिले. पाणी तेच, भिंत तीच. मग हे कुठून आलं? माझ्या अंगात एवढं काही आहे आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही!

त्याच पावसाळ्याअखेर मी माझ्या वजनाइतकं लोखंड जमिनीवरून उचललं. दांडा हातात धरून उभी होते आणि रडू येत होतं. खांद्यांचा विचार मनात आलाच नाही.

नवरात्रात मी गावी गेले. सोयाबीन काढणीला आलं होतं, विहिरी तुडुंब. दुपारी मी आणि माय शेतात भाकरी घेऊन चाललो होतो. गजू पाण्याच्या मोटारीचा दोर पाहायला विहिरीच्या पायऱ्या उतरला होता. आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर असतानाच आवाज आला. आधी दगडावर काहीतरी आपटल्याचा, मग पाण्याचा.

मी धावले. पाण्यावर फक्त त्याची टोपी होती.

उडी मारताना मी काही ठरवलं नाही. पाणी हिरवं, गार, हातभर पुढचं दिसेना. पहिल्या बुडीत हाताला काहीच लागलं नाही. दुसऱ्या बुडीत सदरा लागला. कॉलर धरून पाय मारत वर आले. गजूच्या कपाळातून रक्त येत होतं आणि मान लुळी पडली होती. वरून मायचा आवाज येत होता, "गजू! रेखे! गजू!"

पायरीपर्यंत त्याला ओढत आणलं, पण पायरीवर घेणार कसं? गजू माझ्या दीडपट, त्यात ओले कपडे आणि बेशुद्ध माणूस. पाण्याखालच्या शेवाळलेल्या पायरीवर माझे पाय टेकले. मी त्याला मागून काखेत हात घालून कवळलं. ओढलं तर पाय घसरला आणि दोघंही पुन्हा पाण्यात गेलो.

दुसऱ्यांदा पाय रोवले. पोटात श्वास भरला, घट्ट धरला, आणि ओढायचं सोडून पायांनी पायरी खाली दाबली. गजू वर आला. पाण्यातून माझा भाऊ वर येत होता आणि मी उभी राहत होते. उजव्या खांद्यात काहीतरी कट्कन तुटलं, पण तोवर तो दगडावर होता. मी त्याला कुशीवर वळवलं, पाठीवर थापा मारल्या. तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग शिवी. गजूची शिवी ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आजूबाजूच्या शेतांतले लोक धावत आले. बाजेला दोर बांधून त्यांनी त्याला वर घेतलं. मी पायऱ्यांनी वर आले तेव्हा ओढणी विहिरीतच राहिली होती. सगळा गाव उभा होता. मायनं माझे दोन्ही खांदे धरले आणि दाबून दाबून पाहिले, जणू पहिल्यांदाच पाहत होती.

"माय वं, कोनं देल्ले तुले हे खांदे?"

"बाबांनी. अन् वरून थोडे जिमनं. लोखंड उचलतो मी."

"बाईमानसानं लोखंड कायले उचला?"

मग तिनं बाजेवर पडलेल्या गजूकडे पाहिलं आणि जाऊन त्याच्या कपाळाला पदर दाबून धरला.

गजूच्या कपाळाला टाके पडले, दोन दिवसांत तो घरी आला. माझा खांदा मात्र बरा व्हायला हिवाळा गेला. त्या वर्षीची स्पर्धा हुकली. पुन्हा रिकाम्या दांड्यापासून सुरुवात केली. लोखंड नसतं उचललं तर त्या दिवशी जमलं असतं का, हे मी सांगू शकत नाही. माणूस अशा वेळी काय करून जातो, त्याचा हिशेब लागत नाही. पुढच्या वर्षी मी पोहले, आणि शेवटच्या टप्प्यात हातातला जीव गेला नाही. तिसरी आले. गजू मुद्दाम पुण्याला आला होता. सगळ्या शांत सभ्य प्रेक्षकांत उभा राहून तो एकटाच ओरडत होता, "मार ताई, मार! कायले थांबतं?" तो अजूनही पोहायला शिकलेला नाही. विहिरीला मात्र त्यानं लोखंडी शिडी बसवली आहे.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी अडखळायचे. पुणं म्हणावं तर खोटं वाटायचं, अमडापूर म्हणावं तर तिथल्यांना ते पटायचं नाही. आता विचारलं की मला तो क्षण दिसतो, जो मी अजून कुणाला सांगितला नाही. गजू दगडावर होता, खोकत होता, आणि मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून वर पाहिलं. विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ, आणि त्याच्या कडेला चहूबाजूंनी वाकलेली माणसं. खांद्यात आग होती, नाकातोंडात पाणी होतं, आणि तरी मी एकेक चेहरा पाहत गेले. त्यातला प्रत्येक मला नावानं माहीत होता, आणि वरून सगळे माझंच नाव घेत होते.