नितेशच्या पेपराचं गाऱ्हाणं

एसटीत कंडक्टर म्हणून माझी उभी हयात गेली. बिनतिकिटाचा प्रवासी मला त्याच्या बसण्यावरून कळायचा. त्यामुळे लबाड कोण आणि सरळ कोण, यावर मी तोंड उघडलं की वाडीतली माणसं ऐकून घेतात. तर माझ्या शेजारचा नितेश सरळ आहे. नको इतका सरळ. शाळेत असताना क्रिकेट खेळताना बॅटीला चेंडू पुसटसा लागला तरी अंपायरचं बोट वर जायच्या आधी हा चालायला लागायचा, आणि त्याच्याच बाजूची पोरं त्याला शिव्या घालायची.

नितेश हा गुणाजीचा एकुलता एक मुलगा. गुणाजी रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा जुना माणूस, पण आमच्या किनाऱ्यावर त्याला ओळखतात ते गाऱ्हाण्यासाठी. होडी पाण्यात लोटायची असो, घराची चौकट बसवायची असो की मुलगी बघायला निघायचं असो, आमच्याकडे आधी नारळ ठेवून एक जाणता माणूस देवाला सगळं उघड सांगतो आणि जमलेले लोक वाक्यावाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. हे गाऱ्हाणं. ते मनातल्या मनात घालून चालत नाही, खणखणीत घालावं लागतं. गुणाजीचा आवाज असा, की समुद्र खवळलेला असला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. त्याला लांबलांबच्या वाड्यांतून बोलावणं येई. याच्या बदल्यात तो चहासुद्धा घेत नसे.

नितेश मात्र होडीत बसला नाही. तो कॉम्प्युटर शिकला आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. लॉकडाऊनमध्ये घरी आला तो घरूनच काम करू लागला. माडाच्या सावलीतल्या खोलीत बसून हा कुठल्या कुठल्या देशांतल्या मशीनी सांभाळतो, हे गुणाजीला कधी नीट कळलं नाही, पण मुलगा डोळ्यांसमोर आहे यात म्हातारा खूश होता. कंपनीनेही चालू दिलं. मग नवीन साहेब आला आणि त्याने फर्मान काढलं, की क्लाऊडचं मोठं सर्टिफिकेट ज्याच्याकडे असेल तोच या कामावर राहील.

ती परीक्षा साधी नव्हे. पहिल्या खेपेला नितेश कोल्हापूरच्या केंद्रावर गेला. फोंडाघाट चढतानाच त्याने दोनदा ओकाऱ्या काढल्या, आणि तसाच पेपराला बसून थोडक्यात नापास झाला. परत आला तेव्हा चेहरा पार उतरला होता. त्यानंतर त्याचं जेवणावर लक्ष लागेना. वर्षाली, त्याची बायको, माझ्या बायकोला सांगायची, की ताटात बांगडा थंड होतो आणि हे भिंतीकडे बघत काहीतरी पुटपुटत बसतात.

याच वाडीतला सिद्धेश त्याच कंपनीत आहे. तो पहिल्या फटक्यात पास झाला. कसा, ते त्याने लपवलंही नाही. परीक्षेतले खरे प्रश्न उत्तरांसकट चोरून विकतात, त्याला ते लोक डम्प म्हणतात. सिद्धेशने तो पाठ केला आणि नितेशलाही फुकट पाठवला. नितेशने न उघडताच पुसून टाकला. मी त्याला म्हटलं, अरे, एवढा ताण घेतोस त्यापेक्षा निदान नजर तरी टाक. कंडक्टरच्या तोंडून हे ऐकून तो हसला. म्हणाला, काका, मग माका येता काय नाय, ता माकाच कसा कळतला?

दुसऱ्या खेपेला त्याने घरूनच परीक्षा द्यायचं ठरवलं. तशी सोय असते. पण तिचे नियम ऐकून माझं डोकं फिरलं. कॅमेरा चालू. आधी सगळी खोली, टेबलाखालची जागा, मनगटंसुद्धा दाखवायची. खोलीत दुसरं कुणी नको. खुर्चीवरून उठायचं नाही. तोंड उघडायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत. कुठल्या तरी परमुलखात बसलेला पर्यवेक्षक तुम्हाला बघत असतो, तुम्हाला तो दिसत नाही.

नितेशने घरात सगळ्यांना बजावलं. खोलीत येऊ नका, दार वाजवू नका, मला हाक मारू नका. वर्षालीने कुत्रा बांधला, टीव्ही बंद केला आणि मुलीला घेऊन ती कट्टा गावी माहेरी गेली. गुणाजीनेही काळजी करू नको म्हणून सांगितलं. मी त्या दिवशी डोळे दाखवायला कुडाळला गेलो होतो. नाहीतर पुढचं घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

गुणाजीने शब्द तंतोतंत पाळला. तो खोलीत गेला नाही, दार वाजवलं नाही, मुलाला हाक मारली नाही. त्याने हाक मारली ती देवाला. मुलाच्या जन्मातली एवढी मोठी परीक्षा, आणि बापाने गाऱ्हाणं घालायचं नाही? रापणीवरची सात माणसं त्याने गुपचूप बोलावून घेतली, पेपर सुरू झाल्याचा अंदाज घेतला आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तुळशीपुढे नारळ ठेवला. खळ्याला लागून नितेशची खिडकी.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू परीक्षेक बसलो हा. जा काय मनात धरून बसलो, ता पुरा कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

आत नितेश खुर्चीला खिळलेला. उठावं तर परीक्षा रद्द. ओरडून थांबवावं तर परीक्षा रद्द. पडद्यावर पर्यवेक्षकाचा प्रश्न आला, खोलीत कोण आहे? याने लिहिलं, कोणी नाही. बाहेरून पुन्हा सात जणांचा होकार. याने एका उत्तरावर खूण केली, तेवढ्यात ‘होय’. दुसऱ्यावर केली, पुन्हा ‘होय’. पर्यवेक्षकाने ताकीद दिली. नितेशने हात जोडले, तेही नियमाबाहेरचं. बापाच्या आवाजात इतकी माया होती, असं तो मला सांगत होता, की त्या अवस्थेतही त्याला भरून आलं. मग पडदा काळा झाला.

तो बाहेर आला तेव्हा नारळ फुटला होता. गुणाजीने त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि पेपर लवकर सुटला म्हणून कौतुकाने विचारलं. नितेश म्हणाला, निकाल नंतर लागेल. त्याने खोबरं खाल्लं. मला वाटतं, तिथेच तो फसला. पण त्या सात जणांसमोर, त्या म्हाताऱ्याच्या उजळलेल्या तोंडाकडे बघून खरं कोण सांगेल? मलाही जमलं नसतं.

त्याने परीक्षावाल्यांना अर्ज केला. गाऱ्हाण्याला इंग्रजीत काय म्हणायचं, इथपासून तयारी. माझे वडील अंगणात प्रार्थना करत होते, असं लिहिलं. उत्तर आलं, की उमेदवार खूण करत असताना अनोळखी भाषेत अनेक माणसं होकार देताना ध्वनिमुद्रणात ऐकू येतात, निर्णय अंतिम आहे, वर्षभर बंदी. फोन करावा तर नंबर नाही. भांडावं तर समोर माणूस नाही. माझ्या गाडीत प्रवाशाला निदान माझी गचांडी तरी धरता येत होती. कंपनीलाही तो शेरा कळवला गेला. नितेशला कामावरून उतरवलं, पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायला लावला. ज्याने डम्प पाठ केला तो सिद्धेश त्याच्या जागी बसला.

मी त्याला म्हटलं, बापाला सांग. तो नाही म्हणाला. सांगितलं तर बाबा पुन्हा कधी देवासमोर तोंड उघडणार नाहीत, माझ्या आवाजाने पोराची भाकरी गेली म्हणून झुरून मरतील. मलाही त्याने कुठे बोलू नका म्हणून शपथ घातली.

पण वाडीत काय लपतं? सिद्धेशच्या आईने मासळी बाजारात सांगितलं, की नितेशला कॉपी करताना पकडला. दुसऱ्या दिवशी गुणाजीने मुलाला पडवीत बसवलं. मी कुंपणाशीच होतो.

“माका खरा सांग. कॉपी केलंस?”

नितेश जमिनीकडे बघत म्हणाला, “होय. केलंय.”

गुणाजी उठून किनाऱ्याकडे चालू लागला. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या वाडीतले लोक नवी होडी लोटायची म्हणून त्याला बोलवायला आले. गुणाजी त्यांना म्हणाला, आता दुसरा कोणीतरी बघा. चोराच्या यशासाठी मी देवाला गळ घातली, माझ्या जिभेला आता काय किंमत? त्यांनी खूप विनवलं. तो हलला नाही.

नितेश दारात उभा राहून ऐकत होता. ज्यासाठी त्याने स्वतःला चोर म्हणवून घेतलं, तेच हातातून गेलं होतं. लोक निघून गेल्यावर तो बापाच्या पायाशी जाऊन बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. कॅमेरा, खिडकी, होकार, काळा पडदा. अर्जाचं उत्तर मोबाईलवर दाखवलं. ते इंग्रजीत होतं.

“बाबा, मी कॉपी करूक नाय. तुमचो आवाज आयकान त्यांनी पेपर बंद केल्यानी.”

गुणाजीने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता, नुसती दमणूक होती.

“कॉपी केलंस, ता मी गिळलंय रे. पण आता आपलो दोष देवाच्या माथ्यार मारू नको.”

तो उठला, आत गेला आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.